गेळा : वास फुलाचा, विष फळाचं

एप्रिलच्या अखेरीला बदलापूरहून बारवी धरणाकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांचं रान वाळून करडं झालेलं असतं. साग उघडाबोडका, गवत कोळपलेलं, पायाखाली पाचोळा. अशा रानात एखाद्या काटेरी झुडपाला नुकती पोपटी पालवी फुटलेली असावी, एकाच फांदीवर पांढरी आणि पिवळी अशी दोन्ही रंगांची फुलं असावीत आणि हात लावण्याआधीच अनंताच्या वळणाचा वास यावा, तर ते झुडूप बहुधा गेळ्याचं. कोंडेश्वरच्या वाटेवर आणि मलंगगड-ताहुलीच्या पायथ्याच्या उतारांवरही असंच झुडपी रान आहे. गेळा या रानाचा मूळचा रहिवासी. तो कुणी आणून लावलेला नाही, की बागेतून निसटून रानात गेलेला नाही.

गेळा, गेळ, गेळफळ, मिंढळ अशी त्याची नावं. काष्ठौषधींच्या दुकानात तो 'मैनफल' म्हणून मिळतो आणि वैद्यांच्या ग्रंथांत 'मदनफळ' म्हणून भेटतो. गुजराती लग्नात वधूवरांच्या मनगटाला जे मिंढळ बांधतात ते याचंच वाळलेलं फळ. आजचं शास्त्रीय नाव कॅटुनारेगम स्पिनोसा. थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळात निघालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात मात्र तो रँडिया ड्युमेटोरम या जुन्या नावाने शोधावा लागतो. कूळ कॉफीचं. अनंत, कदंब, मंजिष्ठा हे सगळे याचे भाऊबंद, आणि त्यातही अनंत अगदी जवळचा.

सुवासिक फूल म्हटलं की आपण निर्धास्त होतो. मोगरा, जाई, बकुळ, सुरंगी या सगळ्यांनी आपल्याला तशी सवय लावली आहे. गेळ्याच्या बाबतीत ही सवय उपयोगाची नाही. त्याच्या फुलाचा वास मोहवणारा आहे आणि त्याच फुलाचं जे फळ होतं, त्याने डोहातले मासे उलटे होतात. मला या झाडात रस आहे तो यासाठीच. विष ही झाडाची खोड नसून एक नेमकं काम आहे आणि ते कुणासाठी, कुठल्या भागात, कुठल्या वेळी, हे सगळं ठरलेलं आहे, ही गोष्ट गेळ्याइतकी स्पष्ट दाखवणारं दुसरं झुडूप आपल्या परिसरात मला दिसत नाही.

आधी ओळख नीट करून घेऊ. पुरुषभर उंचीचं झुडूप, कधी वाढून लहान झाड होतं. पानं समोरासमोर, आखूड फांद्यांच्या टोकांना झुबक्याने आलेली. पानांच्या बगलेतून सरळ, कडक काटे निघतात आणि तेही समोरासमोर. दोन समोरासमोरच्या पानांच्या देठांमध्ये एक बारीकसं खवल्यासारखं उपपर्ण असतं. ही साऱ्या कॉफीकुळाची खूण आहे, झाड फुलावर नसलं तरी ती सापडते. फुलं आखूड फांद्यांच्या टोकांवर एकेकटी किंवा दोन-तीन. भिंगाखाली पाकळ्यांच्या बाहेरच्या बाजूला रेशमी लव दिसते. उमलताना फूल शुभ्र असतं, मग साईच्या रंगाचं होतं, शेवटी चांगलं पिवळं. म्हणजे झाडावर दोन रंग दिसतात ते दोन जातींच्या फुलांचे नाहीत, एकाच फुलाच्या वयाचे आहेत.

जुनी फुलं लगेच गाळून न टाकता पिवळी करून फांदीवर ठेवण्यात झाडाचा काय फायदा? रंग बदलणाऱ्या फुलांवर मार्था वाइस यांनी काम केलं आणि १९९१ मध्ये ते 'नेचर' या नियतकालिकात आलं. आपल्याकडे रस्तोरस्ती माजलेल्या घाणेरीचाही त्यात समावेश होता. जुनी फुलं टिकली की झाड लांबून ठसठशीत दिसतं, आणि कीटक जवळ आला की मध असलेलं ताजं फूल कोणतं हे त्याला रंगावरून कळतं, असं त्यातून दिसलं. गेळ्याचा पांढरा-पिवळा खेळ याच नजरेने पाहावा असं मला वाटतं. वास लांबच्याला बोलावतो, रंग जवळ आलेल्याला नेमकं फूल दाखवतो.

फूल गळलं की हिरवं फळ धरतं आणि सगळा नूर पालटतो. फळ दोन ते चार सेंटिमीटरचं, गोल, लहानशा पेरूसारखं. डोक्यावर पुष्पकोशाचा मुकुट तसाच राहतो. साल जाड. कापलं तर आत दोन कप्पे आणि गरात रुतलेल्या चपट्या बियांचा दाट गठ्ठा. हिवाळ्यात फळं पिवळी पडू लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत झाडावर राहतात. कच्चं फळ ठेचून भांडंभर पाण्यात टाकलं आणि काठीने घुसळलं तर पाण्यावर फेस येतो, रिठ्याला येतो तसा दाट आणि लवकर न विरणारा. दोन्हीकडे कारण एकच आहे. त्या द्रव्यांचं नाव सॅपोनिन.

सॅपोनिनच्या रेणूची एक बाजू पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरी तेल-चरबीकडे. म्हणून फेस होतो, म्हणून रिठ्याने केस आणि रेशमी कापड धुता येतं. पण प्राण्यांच्या पेशीचं बाहेरचं आवरणही चरबीयुक्त द्रव्यांचंच असतं आणि त्यात कोलेस्टेरॉल असतं. सॅपोनिन त्या कोलेस्टेरॉलला जाऊन चिकटतं आणि आवरणाला भोकं पडतात. रक्तातल्या तांबड्या पेशींशी त्याची थेट गाठ पडली तर त्या फुटतात.

माशाच्या कल्ल्यात पाणी आणि रक्त यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा असतो. तो पातळ असतो म्हणून तर पाण्यातला प्राणवायू रक्तात जातो. सॅपोनिन घाला घालतं ते या पडद्यावर. श्वास कोंडतो, मासा वर येऊन गटांगळ्या खातो, कलंडतो, आणि हाताने उचलता येतो. तोच मासा माणसाने शिजवून खाल्ला तर सहसा काही होत नाही, कारण सॅपोनिन आपल्या आतड्यातून रक्तात फारसं शिरत नाही आणि पोटात बरंचसं मोडूनही जातं. एकच द्रव्य एकाचा जीव घेतं आणि दुसऱ्याच्या ताटातून निमूट जातं. फरक पडतो तो ते शरीरात कुठल्या दाराने शिरतं यावर.

गेळ्याच्या कच्च्या फळांनी मासे गुंगवायची रीत भारतात अनेक ठिकाणी होती. सह्याद्रीत रानावर जगणाऱ्या लोकांना तर अशी झाडं एकाहून अधिक ठाऊक असतात. घाटमाथ्यावर थंडीत पिवळ्या गेंदांनी फुलणारा रामेठा त्यांतलाच. ही मासेमारी वाहत्या नदीत होत नाही. आमची उल्हास नदी तर भिवपुरीच्या टाटांच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ऐन उन्हाळ्यातही वाहती असते. ठेचलेलं फळ उपयोगी पडतं ते ओढे आटून मागे राहिलेल्या लहान डोहांत, पाणी थोडं आणि थांबलेलं असताना. नेमकी तेव्हा गेळ्याची फळंही हाताशी असतात. हे ज्ञान ज्यांनी मिळवलं त्यांना झाडाचं, पाण्याचं आणि माशाचं वेळापत्रक एकत्र माहीत होतं. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने पाण्यात विष टाकून मासे मारणं गुन्हा ठरवलं आणि ते योग्यच आहे, कारण विष लहान पिल्लं आणि मोठे मासे असा भेद करत नाही. पण त्या रीतीमागचं निरीक्षण कमी प्रतीचं नव्हतं, एवढं तरी आपण मान्य करायला हवं.

माणसाच्या पोटात कच्चं गेळफळ गेलं तर जठराच्या अस्तराला आग लागते आणि उलटी होते. आयुर्वेदाने या त्रासाचंच औषध केलं. पंचकर्मातलं पहिलं कर्म वमन, आणि वमनाच्या द्रव्यांत चरकाने मदनफळाला पहिला मान दिला. चरकसंहितेच्या कल्पस्थानाची सुरुवातच मदनफळाच्या अध्यायाने होते आणि त्यात त्याचे १३३ योग सांगितले आहेत. मला त्या संख्येपेक्षा फळ गोळा करण्याची कृती जास्त महत्त्वाची वाटते. वसंत आणि ग्रीष्म यांच्या सांध्यावर फळं काढायची. ती पिकलेली, फिकट पिवळी हवीत. हिरवी नकोत, कुजलेली नकोत, खुरटी नकोत, किडीने खाल्लेली नकोत. कुशगवतात त्यांची मोट बांधून वर शेणाचा लेप द्यायचा आणि धान्याच्या किंवा भुशाच्या राशीत आठ रात्री पुरून ठेवायची. फळं मऊ पडून मधासारखा वास सुटला की काढून वाळवायची आणि मग आतल्या बिया वेगळ्या करायच्या.

ही कृती सावकाश वाचली तर लक्षात येतं की इथे सगळा भर मात्रा आटोक्यात ठेवण्यावर आहे. हिरवं फळ बाद. पिकलेलंही थेट वापरायचं नाही. आठ रात्री उबेत ठेवणं म्हणजे ते मुरवणं. दर वेळी साधारण सारख्या ताकदीचा माल हाती यावा, यासाठीची ही खटपट आहे. आज औषध कारखान्यात जे काम प्रयोगशाळा करते, ते इथे ऋतू, रंग, वास आणि दिवसांची मोजणी यांवर सोपवलेलं आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज डॉक्टरांचीही नजर गेळफळावर गेली. त्यांच्याकडे उलटीसाठी ब्राझीलहून येणारं इपेकाकचं मूळ होतं आणि त्याला देशी पर्याय हवा होता. गंमत अशी की इपेकाकही कॉफीकुळातलंच. मुंबईत सरकारी औषधभांडाराचं काम पाहणारे विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्यासह १८९० ते १८९३ मध्ये 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा ग्रंथ काढला. त्यात गेळफळाची सविस्तर दखल आहे. पुढे आधुनिक वैद्यकाने उलटी करवण्याचा हा मार्गच सोडला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००३ मध्ये सांगितलं की घरात इपेकाक ठेवूच नका, कारण उलटीने विष पुरेसं बाहेर पडत नाही आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका मात्र असतो. म्हणून हे ठामपणे लिहितो: वमन करायचं असेल तर ते जाणत्या वैद्याच्या देखरेखीखालीच. दुकानातून मैनफल आणून घरी प्रयोग करू नये. आणि मुलाने कुठलंही रानफळ चावलं असेल तर मीठपाणी पाजून उलटी करवत बसू नये; उरलेलं फळ आणि पान पिशवीत घालून सरळ रुग्णालय गाठावं. झाड कोणतं हे डॉक्टरांना कळलं की पुढचं सोपं होतं.

ही चूक होण्यासारखी आहे, कारण मे महिन्यात आपल्याकडे ज्या रानमेव्याची वाट पाहिली जाते त्यात अळूचं फळही असतं. भाजीचा अळू नव्हे, काटेरी झाडावरचा. त्याचंही कूळ कॉफीचंच, पानं समोरासमोर आणि काटेही तसेच. त्याची फुलं मात्र बारीक, हिरवट आणि घोसाने येतात. गेळ्याचं फूल मोठं आणि ऐटदार. फळांवरून शंका आली तर फुलांच्या दिवसांत पाहून ठेवलेलं झाड आठवावं, किंवा वाडीतल्या माणसाला विचारावं. पिकलेलं गेळफळ भाजून किंवा शिजवून खाण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, पण ती त्या फळाबरोबर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्यांची. शहरातून रविवारी फिरायला गेलेल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

आता चरकाच्या एका अटीकडे परत येतो: फळ किडीने खाल्लेलं नको. विषारी फळाला कीड लागते? लागते, आणि ती कोण हे आज नीट माहीत आहे. डेऊडोरिक्स आयसोक्रेटिस नावाचं एक फुलपाखरू आहे. नर निळसर जांभळ्या झळाळीचा, मादी तपकिरी आणि पंखावर नारिंगी डाग असलेली. सोलापूर-नाशिककडच्या डाळिंब बागायतदारांना ते चांगलं ठाऊक आहे, कारण त्यांची फळं पोखरणारी अळी ती याचीच. पण डाळिंबाच्या बागा ही या फुलपाखराला नंतर मिळालेली मेजवानी. रानात त्याची एक जुनी जागा म्हणजे गेळ्याचं फळ.

मादी फुलावर किंवा कोवळ्या फळावर अंडं घालते. अळी बाहेर पडताच साल भोसकून आत शिरते आणि बिया खात सुटते. बाहेरून पाहिलं तर फळाला गोल भोक आणि भोकाच्या कडेला विष्ठेचा ओलसर चोथा एवढंच दिसतं. आतून पोखरलेलं फळ अकाली गळून पडलं तर अळीचा घात होईल, कारण खाली मुंग्या आहेत आणि उंदीरही. म्हणून अळी भोकातून बाहेर येते आणि तोंडातून रेशमाचे धागे काढून फळाचा देठ फांदीला बांधून टाकते. मग पुन्हा आत. झाडाने फळ सोडलं तरी ते लोंबकळत राहतं आणि अळीचा कोष त्यातच होतो. वाळलेल्या गेळ्याच्या झुडपावर एखादं पोचट फळ महिनोन् महिने का टिकून आहे याचा शोध घ्यावा, देठाशी भिंग लावावं. रेशमाची ती गुंडाळी स्पष्ट दिसते. ज्या फळाने डोहातले मासे कलंडतात त्या फळाच्या पोटात एक जीव निवांत वाढतो, हे पाहिलं की 'विषारी झाड' हा शब्द किती अपुरा आहे ते कळतं. विषारी कुणाला, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

साठवणीच्या धान्यात वाळलेल्या गेळफळाची पूड मिसळायची जुनी पद्धत याच्याच दुसऱ्या टोकाची. फळ पोखरणाऱ्या अळीला जे चालतं, ते धान्यातल्या किड्यांना चालत नाही.

रानातल्या या झुडपाची भीती घालण्यापूर्वी आपल्या इमारतींच्या फाटकाशी काय लावलं आहे तेही पाहायला हवं. कण्हेर आणि बिट्टी. द्रुतगती मार्गाच्या दुभाजकावर कण्हेर, उद्यानात कण्हेर, देवाला कण्हेर. कण्हेरीतली द्रव्यं जठराशी थांबत नाहीत, हृदयापर्यंत जातात. हृदयाच्या पेशीतला सोडियम आणि पोटॅशियम यांची देवघेव करणारा पंप ती अडवतात आणि ठोक्यांची लय बिघडते. केरळात त्रावणकोर देवस्वम मंडळाने मे २०२४ मध्ये नैवेद्य आणि प्रसादात कण्हेरीची फुलं वापरणं थांबवलं ते याच भीतीने. बिट्टी अमेरिकेतून आलेली. तिच्या बियांच्या विषबाधेने श्रीलंकेत १९८० च्या दशकापासून अनेक जीव गेले, आणि त्यावर हृदयाची लय सावरणाऱ्या प्रतिविषाची चाचणीही तिथेच झाली. आपल्याकडच्या मुलांनी मात्र बिट्ट्या खेळण्यात पिढ्या घालवल्या. या दोघांच्या तुलनेत गेळ्याचं विष सौम्य आहे, कारण फळ पोटात गेलं की पहिल्यांदा उलटीच होते आणि द्रव्य रक्तात फार जात नाही. तरीही नाव बदनाम रानाचं.

आणि विषाचाच विषय निघाला आहे तर वालधुनी नदीला वगळून पुढे जाता येणार नाही. अंबरनाथच्या ज्या शिवमंदिरावर १०६० सालचा शिलाहारकालीन शिलालेख आहे, ते याच नदीच्या काठी. पुढे ती उल्हासनगरातून वाहते. १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी निर्वासितांसाठी हे शहर वसलं, शेजारी कारखाने आले आणि नदी सांडपाण्याची वाहिनी झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात रसायन सोडल्याने काठावरच्या शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला आणि रुग्णालयात न्यावं लागलं. गेळ्याचं सॅपोनिन पाण्यातले जिवाणू काही दिवसांत मोडून टाकतात, डोह पुन्हा मासे धरतो. कारखान्यांच्या सांडपाण्यातले जड धातू कुठलाच जिवाणू मोडू शकत नाही. ते गाळात बसून राहतात आणि गाळ ढवळला की पुन्हा वर येतात.

गेळा आज दुर्मीळ नाही. तोडला तरी बुंध्यातून फुटतो, काटे असल्याने चराईतही तग धरतो. रान विरळ होत गेलं की मोठी झाडं जातात आणि गेळा, करवंद, तोरण अशी काटेरी मंडळी मागे उरतात. पण डोंगराचा उतार जेसीबीने सपाट केला की बुंधाच राहत नाही. बदलापूर-अंबरनाथच्या वेशीवर हे रोज घडत आहे, आणि नव्या वसाहतींच्या कुंपणाला लावायला रोपं येतात ती परदेशी झुडपांची.

कुंपणाला गेळा अगदी योग्य आहे. खेळाच्या मैदानाशी किंवा बालवाडीच्या आवारात लावू नये. शेताच्या बांधावर, टेकडीच्या बाजूच्या भिंतीलगत लावावा. हिवाळ्याच्या शेवटी झाडावर पिवळी पडलेली, भोक नसलेली फळं घ्यावीत, फोडून गर धुऊन टाकावा, बिया सावलीत सुकवाव्यात आणि पावसाच्या तोंडावर पिशव्यांत पेराव्यात. हाताला मोजे असलेले बरे. पाऊस लागल्यावर रोपं जागेवर लावली आणि पहिले एक-दोन उन्हाळे थोडं पाणी दिलं की पुढे वेगळी निगा लागत नाही. फुलं धरायला काही वर्षं जातात. ती येऊ लागली की घाणेरी न लावताही कुंपणावर फुलपाखरं दिसतील, आणि एखाद्या वाळक्या फळाच्या देठाशी रेशमाची गुंडाळीही.